बागेतल्या हौदाला तळाशी वाट हवी

पावसाळा लागला की या सदरात डासांवर लिहायचे, हा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. पिंपे झाका, टायर हलवा, कूलरचे पाणी ओता, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. वाचकांना हे सारे एव्हाना तोंडपाठ झाले असेल. परवा बँकेत एक निवृत्त शिक्षक भेटले. म्हणाले, "डॉक्टर, मृग गेला, आर्द्रा गेल्या, तुमचा डासांचा लेख कसा आला नाही अजून?" त्यांना काय सांगणार? लेख लांबला तो एका गोष्टीची कबुली द्यावी की देऊ नये, या विचारात. आज ती देऊन टाकतो. २०२२ च्या पावसाळ्यात मी याच जागी 'आपल्या अंगणातले शत्रू' अशा थाटाचे लिहीत होतो, आणि त्याच महिन्यात माझ्या स्वतःच्या अंगणातल्या हौदात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

आमच्या सौ.ना कमळांची भारी हौस. २००६ साली घर बांधले तेव्हा पुढच्या अंगणात आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल असा सिमेंटचा हौद करून घेतला. निम्मा जमिनीत, निम्मा वर. कडेला बसायला कट्टा. मी मिस्त्रींना म्हटले होते की, तळाला पाणी सोडायची काही सोय ठेवा. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तळाला भोक ठेवलंत तर तिथूनच गळणार. मग वर्षानुवर्षं मलाच शिव्या घालाल." त्यांचा अनुभव मोठा, मी गप्प बसलो. रुग्णाने औषधाबद्दल वाद घातलेला मला आवडत नाही, मग मी मिस्त्रींशी बांधकामावरून कसा वाद घालणार!

हिशेब करून पाहा. आठ गुणिले सहा गुणिले दोन म्हणजे ९६ घनफूट, अदमासे २७०० लिटर पाणी. पंधरा लिटरच्या बादलीने उपसायचे तर १८० बादल्या. पहिली दोन वर्षे आम्ही उत्साहाने उपसल्या. पुढे माणूस लावला. मग दर महिन्याचे तीन महिन्यांवर गेले, तीन महिन्यांचे दिवाळी ते दिवाळीवर. तळाशी कमळाची कुजलेली पाने, माशांची विष्ठा, शेजारच्या बकुळीची फुले आणि धूळ यांचा चार बोटे जाड काळा गाळ बसला. ढवळला की सडक्या अंड्याचा वास. पण वरून पाहावे तर पाणी आरशासारखे. पाहुणे कौतुक करीत आणि आम्ही ते ऐकून घेत असू.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही पंधरा दिवस लेकीकडे नागपूरला गेलो होतो. परत आलो तो मासे मरून तरंगत होते. उन्हाने पाणी तापले, तळातला गाळ कुजला, पाण्यातला प्राणवायू संपला. गप्पी मासे आणायचे आज-उद्यावर गेले. जून गेला, जुलै गेला.

ऑगस्टमध्ये शेजारच्या घरातला नऊ वर्षांचा मुलगा तापाने आजारी पडला. तीन दिवस १०३ ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग मोडून आलेले. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि आई निर्धास्त झाली. वाचकहो, इथेच फसगत होते. डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपायला लागण्याचा धोका असतो. संध्याकाळी मी सहज डोकावलो. मुलगा निपचित पडला होता, पोट दुखते म्हणत होता, दुपारपासून चार उलट्या झालेल्या, हातपाय गार. सलाईन लावून रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला. तिथे दोन रात्री अतिदक्षता विभागात काढून सहाव्या दिवशी पोर घरी आले. त्या दोन रात्री मला झोप नव्हती, हे मी डॉक्टर म्हणून नव्हे, शेजारी म्हणून सांगतो.

अहवाल आला तसे आरोग्य खात्याचे सेवक गल्लीत घरोघर तपासणीला आले. रविवारची सकाळ होती. फाटकाशी येऊन त्यांतला एक जण संकोचाने म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं काय बघायचं?" मीच ऐटीत म्हटले, "बघा की, नियम सगळ्यांना सारखा." त्याने पळी बुडवली, पाणी पांढऱ्या ताटलीत ओतले आणि बॅटरी लावली. दहा-बारा अळ्या. काही स्वल्पविरामासारखे वाकलेले कोष. तो बिचारा माझ्याकडे बघेना. मीच म्हटले, "लिहा माझं नाव." त्याने वहीत लिहिले. कुंपणाच्या भिंतीपलीकडे त्या मुलाचे आजोबा उभे राहून हे पाहत होते. ते काही बोलले नाहीत. आजही बोललेले नाहीत.

त्या मुलाला चावलेला डास माझ्याच हौदातला होता का? सिद्ध करता येणार नाही. गल्लीत त्या दिवशी आणखी चार घरी अळ्या मिळाल्या. शाळेतही डास असतात. पण डेंग्यूचा डास फार लांबचा प्रवासी नव्हे. जिथे जन्मला त्याच्या आसपासच्या शे-दोनशे मीटरांतच तो बहुधा आयुष्य काढतो. आमच्या हौदापासून त्या मुलाची खिडकी चाळीस फुटांवर आहे.

लोकांचा एक समज पक्का असतो की, डास घाणीत होतात. गटारातल्या सडक्या पाण्यात होतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा वाहक. पण डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडीस इजिप्ती हा घरातल्या, साठवलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याचा शौकीन. शहरांतला हिवताप पसरवणारा ॲनोफेलीस स्टीफेन्सीसुद्धा तसाच: विहिरी, टाक्या, हौद ही त्याची आवडती ठिकाणे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर जो अहवाल दिला, त्यात त्यांनी घरांच्या आवारातल्या विहिरींकडेच बोट दाखवले होते. त्यावरून विहिरी झाका, बुजवा असा आग्रह सुरू झाला आणि लोकांच्या श्रद्धा दुखावल्या म्हणून वादही पुष्कळ झाले. म्हणजे अंगणातले पाणी हा विषय आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि भांडणेही तितकीच जुनी.

मी दवाखाना टाकून जेमतेम वर्ष झाले होते तेव्हा, १९९६ साली, दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली. दहा हजारांवर रुग्ण आणि चारशेवर मृत्यू. आम्हाला वाटले, हा मोठ्या शहरांचा रोग. २००६ साली चिकुनगुन्याने महाराष्ट्राची गावेच्या गावे अंथरुणाला खिळवली तेव्हा तो भ्रम गेला. रांजण आणि हौद जिथे, तिथे हा डास.

आता माशांविना पडलेला सिमेंटचा कमळकुंड एडीसच्या दृष्टीने काय आहे? मोठा रांजणच. मादी पाण्यावर अंडी घालीत नाही, ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला एकेक अंडे चिकटवते. ही अंडी सुकली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास उबदार हवेत सात ते दहा दिवसांचा. म्हणून तर कोरडा दिवस आठवड्याला एक सांगितला आहे, पंधरवड्याला नव्हे.

त्या रविवारनंतर मला तीन तऱ्हेचे सल्ले मिळाले. आमचे एक डॉक्टर मित्र म्हणाले, बुजवून टाक आणि वर तुळशीवृंदावन बांध. दुसरे म्हणाले, गाडीचे जळके तेल ओत. तिसरे म्हणाले, गप्पी सोड आणि विसरून जा.

जळक्या तेलाचे नावही काढू नका. अळ्या मरतील हे खरे, पण मासे, बेडूक, कमळ सारेच मरेल आणि ते पाणी जिथे जाईल तिथली मातीही नासेल. आरोग्य खात्याचे टेमिफॉस हे औषध आहे, त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम इतके अल्प असते. ते त्यांच्या माणसाने मोजून टाकावे. अंदाजे धार धरायचे ते औषध नव्हे.

गप्पी माशांच्या बाजूने मी कायम बोलत आलो आहे आणि आजही बोलतो. पण मासा हा नोकर नव्हे. तळात गाळ कुजून प्राणवायू संपला तर तो मरतो, हे मी पाहिलेच. शेवाळ आणि पाने यांचा गच्च थर झाला तर त्याखाली दडलेल्या अळ्यांपर्यंत तो पोचत नाही. आणि येणारा प्रत्येक पाहुणा चुरमुरे टाकू लागला, तर अळ्या शोधण्याची तसदी तो कशाला घेईल? आपणही घेतली नसती.

राहिला बुजवण्याचा सल्ला. ज्यांच्याकडून देखभाल होणार नाही त्यांनी खुशाल बुजवावा, त्यात कमीपणा नाही. परंतु सगळ्यांनीच बुजवावेत असे मला वाटत नाही. भर उन्हाळ्यात या हौदावर बुलबुल येतात, चतुर येतात, ज्यांच्या पाण्यातल्या पिल्लांना डासांच्या अळ्या फार प्रिय. संध्याकाळी कट्ट्यावर आमच्या आई बसत, तेव्हा त्यांचा रक्तदाब माझ्या गोळ्यांनी जितका खाली येई, त्याहून दोन अंक जास्तच येई असा माझा संशय आहे. दोष पाण्यात नाही. पाणी जायला वाट नाही, हा दोष आहे.

आणि वाट तळालाच हवी. बादलीने किंवा वरून पाणी उपसले तर स्वच्छ पाणी जाते आणि घाण तळाशी राहते. पाऊस पडून हौद भरून वाहिला तरी तेच. वरचे चांगले पाणी कडेवरून जाते, खालचा गाळ जागचा हलत नाही. बद्धकोष्ठाच्या रुग्णाने रोज दोनदा अंघोळ करावी आणि मी स्वच्छ आहे म्हणावे, त्यातला हा प्रकार.

आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात नळ आणले आणि पेठांतून हौद बांधले, त्या हौदांत पाणी येत राही आणि जात राही. माझ्या आजोळच्या वाड्यात मागच्या चौकात दगडी हौद होता. त्याच्या तळाशी एका कोपऱ्यात भोक आणि त्यात चिंध्या गुंडाळलेली लाकडी गुडदी. अमावास्येला आजी ती गुडदी काढी, पाणी थेट केळींच्या आळ्यात जाई, आम्ही पोरे काथ्याने भिंती घासायचो. तो हौद काही गळत नव्हता. सिमेंट आल्यावर आपण गुडदी का सोडली, हे मला समजत नाही.

बांधून झालेल्या हौदाला तळाशी वाट करता येते का? येते. मी २०२२ च्या दिवाळीनंतर करून घेतली. मला साडेअकरा हजार रुपये खर्च आला. कसे केले ते जरा सविस्तर सांगतो, कारण गेल्या दोन वर्षांत पाच-सहा जणांनी विचारले आहे आणि त्यातल्या दोघांनी विचारून झाल्यावर छिन्नी-हातोडा चालवून हौद फोडून ठेवला आहे.

छिन्नी चालवू नका. तळाला हादरे बसून बारीक तडे जातात आणि मग मिस्त्री म्हणतात तसा तो गळतोच. गोल भोक पाडणारे कोअर कटिंगचे यंत्र भाड्याने मिळते, त्याने तळाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात चार इंची भोक पाडले. त्याआधी हौदाच्या बाहेरून भिंतीलगत खड्डा घेऊन तळाखाली हात जाईल एवढी जागा केली. तीन इंची पीव्हीसी पाइप तिथून बाहेर काढला. भोकाभोवतीची जागा घासून, ओली करून, न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. या कामात घाई करायची नाही. पुढे सात दिवस ती जागा ओली ठेवली. मग साऱ्या तळाला त्या भोकाकडे उतार देऊन नवा गिलावा केला आणि कोपरे गोल करून घेतले. कोपरा काटकोनी राहिला की गाळ तिथे घर करतो.

खरी गंमत पुढे आहे. माझ्या हौदाला व्हॉल्व्ह नाही. तळाच्या भोकात एक उभा पाइप नुसता दाबून बसवला आहे, चिकटवलेला नाही. त्याची उंची २१ इंच, म्हणजे जेवढे पाणी हवे तेवढी. पाऊस पडून पाणी २१ इंचांच्या वर गेले की पाइपच्या तोंडातून आपोआप निघून जाते. हौद रिकामा करायचा तर पाइप उपसून घ्यायचा, की झाले. या पाइपवर आणखी एक रुंद पाइप टोपीसारखा घातला आहे. तो पाण्याच्या वर येतो आणि त्याला तळाशी करवतीने खाचा केल्या आहेत. त्यामुळे वाहून जाणारे पाणी वरचे न जाता तळाच्या खाचांतून आत शिरते, येताना गाळ घेऊन येते. मत्स्यबीज केंद्रांत ही युक्ती जुनी आहे. गंजायला काही नाही, बिघडायला काही नाही. एकच जपायचे: पाइप काढून फोन घ्यायला आत जाऊ नये. मी एकदा गेलो होतो. चार मासे दगावले.

आमच्या अंगणाला मागे उतार आहे, म्हणून पाइपला दर दहा फुटांना दीड इंच ढाळ देऊन पाणी थेट चिकूच्या आळ्यात नेले. ज्यांच्याकडे उतार नाही त्यांनी हौदालगत दोन फूट बाय दोन फुटांचा खड्डा बांधून त्यात पाणी उतरवावे आणि छोट्या पंपाने झाडांना द्यावे. मात्र त्या खड्ड्याला घट्ट झाकण हवे. हौदातले डास हटवून खड्ड्यात वसवले, असे व्हायला नको. मी एका बंगल्यात तेच पाहिले. हौद चकचकीत आणि चेंबरमध्ये अळ्यांची जत्रा. ज्यांना तळ फोडायचाच नाही, त्यांच्यासाठी भिंतीवरून नळी टाकून पाणी खाली ओढण्याचा मार्ग आहे. नळीचे तोंड तळाच्या गाळावर फिरवायचे, दुसरे टोक तळाहून खालच्या पातळीवर सोडायचे. तोंडाने मात्र ओढू नका, नळी आधी पाण्याने भरून घ्या. त्या पाण्याचा घोट तुमच्या पोटात गेला तर मग माझ्याकडे यावे लागेल.

हे पाणी संडासाच्या टाकीत सोडू नये, तिथले काम बिघडते. शेजाऱ्याच्या गटारात सोडू नये, याचे कारण सांगायला नको. ओढ्यातही सोडू नये, कारण गप्पी आणि गंबुशिया हे बाहेरून आलेले मासे. गंबुशिया तर १९२८ साली इटलीहून आणलेला. ते ओढ्यात शिरले की तिथल्या देशी माशांची पिल्ले खातात. पाइपच्या तोंडाला जाळी लावा आणि पाणी झाडांना द्या. कुजलेल्या पानांचे आणि माशांच्या विष्ठेचे हे पाणी म्हणजे फुकटचे खत आहे.

इथे हमखास एक हरकत येते, आणि ती रास्त आहे. आपल्या गावात उन्हाळ्यात नळाला चौथ्या दिवशी पाणी येते, आणि हे डॉक्टर हौद रिकामा करायला सांगतात! पण दर आठवड्याला सारा हौद रिकामा करायचाच नाही. मी दर रविवारी पाणी सहा इंच खाली उतरवतो. ते ६८० लिटरच्या आसपास भरते. तेवढे पाणी चिकू, नारळ आणि जास्वंदीला मी एरवीही दिलेच असते. आता ते हौदातून फिरून जाते इतकेच. ज्यांच्याकडे झाडे नाहीत आणि पाण्याचीही ओढ आहे, त्यांनी हौद ठेवण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी सहा इंच उतरले की भिंतीचा जो पट्टा उघडा पडतो, एडीसची अंडी नेमकी तिथेच असतात. तो काथ्याच्या किंवा तारेच्या ब्रशने खसाखसा घासायचा आणि मगच पाणी भरायचे. न घासता पाणी वर-खाली केलेत, तर तुम्ही चिकटलेल्या अंड्यांना उबवण्याचेच काम कराल. तळाला वाट असूनही काही घरी अळ्या का मिळतात, याचे उत्तर बहुधा या ब्रशात असते. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, हौद पूर्ण रिकामा करून दोन दिवस उन्हात वाळवावा.

नव्या सिमेंटचे पाणी कडक असते, त्यात मासे तगत नाहीत. मी तीनदा हौद भरला, दर वेळी चार दिवस ठेवून सोडून दिला, आणि मग गप्पी आणले.

आता वैद्यकीचे थोडे. हौदात उतरताना पायाला जखम असेल तर उतरू नका. उंदरांचा वावर कुठे नाही? त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि फाटक्या कातडीतून आपल्या अंगात. गमबूट आणि हातमोजे घाला. कारंजाचा किंवा पंपाचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, नुसते बटण बंद करून भागत नाही. आणि घरात गळती-रोधक स्विच बसवून घ्या, त्याने जीव वाचतो. घरात रांगते किंवा दुडदुडते मूल असेल तर हौदावर मजबूत जाळी हवीच. दोन फूट पाणी तर सोडाच, वीतभर पाण्यातही लहान मूल आवाज न करता बुडते. हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही.

घरच्या हौदांचे एक वेळ सोडून देऊ. एका नगरपालिकेच्या बागेत काही वर्षांपूर्वी मोठ्या थाटाने रंगीत कारंजे झाले. फीत कापली, भाषणे झाली, फोटो छापून आले. दोन पावसाळ्यांत पंप जळाला. आज त्या गोल हौदात हिरवे पाणी, प्लास्टिकचे पेले आणि पावसाळाभर डास. शेजारीच मुलांची घसरगुंडी. मी तिथल्या एका अभियंत्याला विचारले, "पाणी सोडायची वाट कुठे आहे?" ते म्हणाले, "डॉक्टर, ते टेंडरमध्ये नव्हतं." लाखो रुपयांच्या कामात तीन इंची पाइप नव्हता! घर बांधून पूर्ण झाले की नगरपालिका संडासाची टाकी बघते, पावसाचे पाणी जिरवण्याची सोय विचारते. अंगणात किंवा बागेत उघडा हौद असेल तर त्याला तळाशी वाट आहे का, हा एक प्रश्न त्या कागदावर वाढवायला काय हरकत आहे? आणि ज्यांचे हौद आधीच बांधून झालेत त्यांना दंडाची पावती देण्याआधी सहा महिन्यांची मुदत आणि एक माहीतगार मिस्त्री द्यावा. मी स्वतः त्या वहीत नाव लागलेला माणूस आहे, म्हणून म्हणतो. नाव लिहिल्याची लाज मला वाटली, पण हौद सुधारला तो मिस्त्री मिळाल्यावर.

त्याच मिस्त्रींना मी बोलावले होते, २००६ वाल्या. वय झाले आहे, पण नजर तीच. काम झाल्यावर हौद भरून ते दोन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन भिंतीला हात लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "गळत नाही, साहेब." आणि मग जरा थांबून, "तेव्हाच करायला पाहिजे होतं."

उभ्या पाइपचे चित्र मापांसह काढून दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर लावले आहे. ज्यांना हवे त्यांनी ते उतरवून घ्यावे, केव्हाही. एकच विनंती, त्यासाठी तपासणीच्या रांगेत नंबर लावू नका. आणि घरात कोणाला ताप असेल तर ॲस्पिरिन किंवा दुखण्याच्या इतर गोळ्या आपल्या मनाने न देता, साधे पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी देऊन त्याला मात्र रांगेत आणा. ताप उतरला असला, तरीही.